तूप घातलेलं दूध

माझं पहिलं बाळंतपण सासरी झालं, ही गोष्ट आमच्या नात्यातल्या बायकांना कितीतरी दिवस पचली नाही. पहिलटकरणीनं माहेरी जायचं, हा नियम. पण माझी आई मी शाळेत असतानाच गेली होती. वडील रेल्वेत गार्ड, भिलाई-३ ला क्वार्टर. गाडी घेऊन निघाले की दोन-दोन दिवस घरी परतत नसत. तिथं माझं बाळंतपण कोण काढणार होतं? इकडे नवरा स्टील प्लांटमध्ये, राहायला सेक्टर सहात कंपनीचं घर, आणि सायकलच्या टप्प्यात कंपनीचा मोठा दवाखाना. हे सोडून मी जाणार तरी कुठं? म्हणून उलटंच झालं. मी कुठं गेले नाही, सासूबाईच आर्वीकडच्या त्यांच्या गावाहून आमच्याकडे आल्या.

दुर्गला गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि फडक्यात बांधलेला पितळी डबा. पेटी हमालाकडे दिली, डबा मात्र कुणाच्या हाती दिला नाही. घरच्या म्हशीचं तूप होतं त्यात. मी म्हटलं, "आई, एवढं तूप कोण खाणार?" तर म्हणाल्या, "तू खाशीन. अन् कोन?"

सासूबाई सुईण नव्हत्या, पण गावात कुणाच्या घरी बाई अडली की त्यांना बोलावणं यायचं. पाणी तापवायचं, बाईचा हात धरून बसायचं, सुईणीला हवं-नको बघायचं, अशी कामं त्यांनी वर्षानुवर्षं केली होती. त्यामुळे बाळंतपणाच्या बाबतीत त्यांचं काही पक्कं शास्त्र होतं. त्यातलं पहिलं कलम म्हणजे कळा सुरू झाल्या की गरम दुधात तूप घालून बाईला पाजायचं. त्यानं वाट मोकळी होते आणि लेकरू सरकत खाली येतं. मी कॉलेजात विज्ञान शिकलेली. मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, दूध जातं पोटात आणि बाळ असतं पिशवीत. या दोन वाटा वेगळ्या आहेत." त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाच झाले मले. तुले किती झाले वं?"

मीही समोर बसून भाजी निवडायला लागले.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की बाळाचं डोकं अजून वर आहे. दिवस भरत आले की पहिलटकरणीचं बहुधा खाली येऊन बसतं, माझं बसलं नव्हतं. माझी उंची कमी, बाळ अंगानं भरलेलं. "देखेंगे," त्या म्हणाल्या. "दर्द आने दो. नहीं हुआ तो ऑपरेशन है ही." त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं, जणू बाजारात कोबी नसला तर फुलकोबी घ्या. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या बायकांनी मात्र ऑपरेशन हा शब्द ऐकला आणि मला घाबरवायचं सत्रच सुरू केलं. कुणाची तरी जाऊ कशी नंतर वाकूच शकली नाही, कुणाला कसं दूधच आलं नाही. मी चिडून एकीला सांगितलं, की तुम्हाला एवढी माहिती आहे तर तुम्हीच या कापायला. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तेवढी शांतता मिळाली.

कळा पहाटे सुरू झाल्या. नवऱ्याची सकाळची पाळी होती, तो सायकल बाहेर काढतच होता. सायकल टाकून त्यानं शेजारच्यांची स्कूटर मागून आणली. मी मागे एका बाजूला पाय सोडून बसले आणि प्रत्येक गतिरोधकावर त्याच्या खांद्यात नखं रुतवली. सासूबाई मागून रिक्षानं आल्या. मला वॉर्डात पोचवून नवरा प्लांटला गेला, कारण तो होता रेल मिलमध्ये, रेल्वेचे रूळ बनतात तिथं, आणि त्याच्या जागी उभा राहायला त्या दिवशी दुसरा माणूस नव्हता. जाताना म्हणाला, "काही लागलं तर शिफ्ट ऑफिसात फोन करायला सांग. मी निघून येतो." मी मान हलवली. त्या वेळी मला तो गेलेला बरा वाटला. त्याचा चेहरा बघून मलाच भीती वाटत होती.

वॉर्डातली सिस्टर केरळची होती. तिनं तपासलं, पिशवीचं तोंड थोडंसंच उघडलंय म्हणाली आणि आम्हा दोघींना बजावून सांगितलं, "खाना नहीं. पानी थोड़ा-थोड़ा. ऑपरेशन लग सकता है." सासूबाईंनी मान डोलावली. त्यांना हिंदी समजायचं सगळं, बोलता मात्र मराठीच हिंदीच्या चालीवर यायचं.

दुपारपर्यंत कळा येत राहिल्या आणि काम मात्र पुढे सरकेना. कळ म्हणजे नुसतं दुखणं नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. पिशवी स्वतःच आवळते आणि स्वतःच सुटते. आपण फक्त ती सुटायची वाट बघायची. मधल्या मोकळ्या वेळात मला प्रचंड भूक लागत होती. हे कुणी सांगितलं नव्हतं. उन्हाळा लागलेला, वॉर्डात पंखा गरम वारा फिरवत होता आणि मला समोर फोडणीचं वरण दिसत होतं.

सासूबाई मध्येच घरी जाऊन आल्या. येताना स्वतःचा डबा आणला आणि पिशवीत थर्मास. सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होती. त्या तिच्याकडे पाठ करून माझ्यापुढे बसल्या, पदर पुढे ओढला आणि स्टीलच्या ग्लासात दूध ओतलं. वर तूप तरंगत होतं.

"पी," म्हणाल्या.

"सिस्टरनं नाही म्हटलंय."

"सिस्टर चांगली आहे. पन कळा तुले येऊन राह्यल्या, तिले नाई. अंगात बळ नसन तर लेकराले लोटशीन कशी?"

त्यांनी माझ्यावर जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. त्या तुपाचा वास आला आणि मी ग्लास तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं. लहानपणानंतर माझं तोंड कुणी पुसलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच वेळानं पाणी गेलं. सिस्टर चादर बदलायला आली आणि थबकली. पाणी हिरवट होतं. तिनं कर्ण्यासारखी नळी माझ्या पोटावर टेकवली, कान लावला आणि हातातल्या घड्याळाकडे बघत राहिली. कळ येऊन गेली तरी ती तशीच वाकलेली. मग सरळ झाली आणि जवळजवळ धावतच गेली.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनीही ऐकलं, आतून तपासलं. बोलल्या त्या माझ्याशी, पण सासूबाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात. बाळानं पोटातच शी केली आहे, म्हणून पाणी हिरवं. कधी कधी नुसतं तेवढंच असतं आणि काही होत नाही. पण इथं दर कळेला त्याचे ठोके खाली जातात आणि कळ सरली तरी लवकर वर येत नाहीत, म्हणजे त्याला प्राणवायू पुरत नाही. डोकं अजून वरच आहे, पिशवीचं तोंड पुरतं उघडायला कितीतरी वेळ लागेल. तेवढा वेळ या बाळाजवळ नाही. "सीज़र करना पड़ेगा. अभी."

मला भीती वाटली का? वाटली. पण माझ्या स्वभावाप्रमाणे आधी राग आला. इतके तास मी दात-ओठ खाऊन कळा सोसल्या, त्या काय उगाच?

मग सगळ्यांचे हात एकदम चालू झाले. कुणी शिरेत सुई टोचून सलाइन लावलं, कुणी रक्त काढून गट बघायला नेलं, कुणी पोटावरचे केस काढले, कुणी लघवीची नळी घातली. नळी कशाला, असं मी विचारलं तर सिस्टर म्हणाली, पिशवीच्या पुढेच मूत्राशय असतं, ते रिकामं राहिलं पाहिजे, नाहीतर कापताना मध्ये येतं. मला बरं वाटलं. कारण कळलं की मला अर्धी भीती कमी होते. शिफ्ट ऑफिसात फोन गेला आणि नवरा हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून, जड बूट वाजवत आला. एकटा नव्हता. पाळीतले तिघं जण रक्त द्यायला बरोबर आले होते, कुणी न बोलावता. प्लांटमध्ये कुणाचंही ऑपरेशन म्हटलं की ही पद्धतच होती. आधी रक्त द्यायला माणसं उभी करायची, मग बाकीचं विचारायचं. त्यानं सही केली आणि तो त्यांना घेऊन रक्तपेढीकडे गेला.

मला ढकलगाडीवरून ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत आणलं. सासूबाई गाडीचा दांडा धरून बरोबर चालत होत्या. दारात भूल देणारे डॉक्टर उभे होते, उंच, केस पांढरे व्हायला लागलेले. त्यांनी माझी नाडी धरली, तोंड उघडून बघितलं आणि विचारलं, "आखिरी बार खाया-पिया कब?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या. "कुच्छ नई साब. कल रात से कुच्छ नई खाई. पानी भी नई."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या डॉक्टरांकडे बघत होत्या, पापणीही न लववता. इतकं धडधडीत खोटं मी त्यांच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. चार माणसांत सासूला खोटं पाडायचं नसतं हे मला शिकवावं लागलं नव्हतं, ते अंगातच असतं. पण डॉक्टर नुसतं विचारायचं म्हणून विचारत नव्हते, हे मला दिसत होतं. उत्तरासाठी ते थांबले होते, आणि इतक्या घाईत कुणी कशासाठी थांबतं?

मी म्हटलं, "दूध पिया है. घी डालकर. अभी थोड़ी देर पहले. पूरा गिलास."

सासूबाईंचा हात दांड्यावरून सुटला.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फक्त आत वळून कुणाला तरी सांगितलं, "जनरल नहीं. स्पाइनल." डॉक्टरीणबाईंनी आतूनच विचारलं की वेळ आहे का, त्यांनी सांगितलं, आहे, तेवढ्या वेळात होईल. मग गाडी आत घेता घेता मला हळू आवाजात समजावलं. घाई असली की ते बाईला पुरतं बेशुद्ध करत; मला मात्र पाठीत सुई देऊन कमरेखालचंच अंग बधिर करणार होते. कारण बेशुद्ध झालं की गिळण्या-खोकण्यावर माणसाचा ताबा राहत नाही. पोटातलं वर येतं आणि श्वासनळीतून फुप्फुसात उतरू शकतं. पोटुशीच्या बाबतीत ही भीती एरवीही जास्तच, कारण पिशवीनं जठर वर दाबलेलं असतं आणि कळांमध्ये अन्न पुढे सरकत नाही. त्यात दूध, त्यात तूप. ते जर फुप्फुसात गेलं असतं तर बाळ वाचलं असतं, मी वाचले असते की नाही ते त्यांना सांगता आलं नसतं. "अच्छा हुआ बता दिया," एवढंच म्हणाले आणि मला खडूच्या पाण्यासारखं काहीतरी प्यायला दिलं, पोटातलं आम्ल मारायला. दार बंद होताना सासूबाई बाहेर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दिसल्या. त्यांना यातलं काही ऐकू गेलं नसावं.

आत मला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगितलं. एवढं मोठं पोट असताना गुडघे पोटाशी कसे घ्यायचे ते सांगणाऱ्यानं एकदा करून दाखवावं. त्यातच एक कळ आली. सिस्टरनं मला मिठी मारल्यासारखं धरून ठेवलं, "हिलना नहीं, हिलना नहीं," आणि मी हलले नाही. पाठीत सुई गेली. थोड्याच वेळात पाय गरम झाले, मग जड झाले, मग माझे राहिलेच नाहीत. मला उताणं करून उजव्या कुल्ह्याखाली गुंडाळलेली चादर सरकवली, म्हणजे पिशवीचा भार मागच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडत नाही. तरी रक्तदाब उतरलाच. मळमळलं, डोळ्यांपुढं अंधारी आली. मी म्हटलं, "कुछ हो रहा है." डॉक्टरांनी सलाइन जोरात सोडलं, शिरेतून काहीतरी दिलं आणि म्हणाले, "होता है. अब ठीक लगेगा." लागलंही.

छातीपुढं हिरवा पडदा होता. पलीकडे पोटावर गार औषध फासल्याचं समजलं, पण गार असं नाही, नुसतं कुणीतरी काहीतरी करतंय एवढं. कापलेलं दुखलं नाही. ओढाताण मात्र सगळी कळत होती. पोटात कुणीतरी हात घालून गाठोडं सोडवतंय, ही उपमा मी नंतर कितीतरी जणींना सांगितली, यापेक्षा चांगली मला सुचलेली नाही. मग कुणीतरी छातीखाली जोरानं दाबलं आणि एकदम पोट हलकं झालं.

आणि कुणी रडलं नाही.

पडद्यापलीकडे पाणी आणि हवा ओढणाऱ्या नळीचा घर्र आवाज येत होता. हिरवं पाणी बाळाच्या छातीत जाऊ नये म्हणून आधी नाक-तोंड साफ करत होते, हे मला नंतर समजलं. तेव्हा मी फक्त छताकडे बघत होते. देवाचं नाव घ्यावं असंही सुचलं नाही. भूल देणारे डॉक्टर माझ्या डोक्याशी उभे होते, त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. मग पलीकडून आधी एक शिंक आणि पाठोपाठ रडणं आलं, किरकिरं, चिडलेलं. "लड़की है," सिस्टर म्हणाली. मी ओक्साबोक्शी रडले, आणि पडद्यापलीकडून डॉक्टरीणबाई ओरडल्या, "पेट मत हिलाओ, सिलाई कर रही हूँ."

बाळ बाहेर काढायला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वेळ शिवायला लागला. वार काढली, पिशवी आवळावी म्हणून इंजेक्शन दिलं, मग पिशवी शिवली, मग एकेक थर करत डॉक्टरीणबाई वर आल्या. पोटाला एवढे थर असतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पुस्तकात ते चटकन संपतात.

नंतरच्या दिवसांतली पहिली आठवण तहानेची आहे. उन्हाळा, तोंडाला कोरड आणि पाणी बंद. आतडी पुन्हा चालू झाल्याशिवाय तोंडानं काही द्यायचं नाही, अशी तेव्हाची रीत होती. आतडी चालू झाल्याची खूण एकच, ती म्हणजे गॅस सुटणं. सकाळी डॉक्टर विचारत, दुपारी सिस्टर विचारे, संध्याकाळी पाळीवरून आलेला नवरा दारातूनच विचारी, "झालं का?" अख्ख्या सेक्टर सहाला या एका बातमीची प्रतीक्षा होती. ती आली तेव्हा वॉर्डात मिठाई वाटायचंच काय ते बाकी राहिलं. पाठीत सुई दिली म्हणून उशीशिवाय सपाट पडून राहायला सांगितलं होतं, डोकं दुखू नये म्हणून. ते दुखलंच थोडं. दुसऱ्या दिवशी मला उठवून उभं केलं. मी सिस्टरला म्हटलं, मी मरेन. ती म्हणाली, पडून राहिलीस तर पायात रक्त गोठेल, चल. खोकला आला की उशी पोटाशी दाबून धरायची. बाळाला पाजताना काखेखालून घ्यायचं, म्हणजे तिचे पाय टाक्यांवर बसत नाहीत. लाइनीतल्या बायकांनी सांगितलं होतं की ऑपरेशनवाल्या बाईला दूध येत नाही. मला जरा उशिरा आलं, पण भरपूर आलं.

सासूबाई सगळं करत होत्या. बाळाला पुसायच्या, लंगोट बदलायच्या, माझी वेणी घालून द्यायच्या. फक्त माझ्याशी बोलत नव्हत्या. जे सांगायचं ते बाळाला सांगायच्या. "सांग तुया आईले, कूस बदल म्हना." "सांग, चाय आली म्हना." मीही बाळालाच उत्तर द्यायचे. दोघी बायका काही दिवसांच्या पोरीच्या मध्यस्थीनं संसार चालवत होतो. नवऱ्याला वाटे, आजी नातीचं किती कौतुक करतेय. पट्टी बदलायची वेळ झाली की त्या उठून बाहेर जात.

मला त्यांचा राग होता, आणि तो खरा राग होता. चोरून दूध पाजलं ते मी समजू शकत होते, मीच ते आवडीनं प्याले होते. पण विचारल्यावर खोटं? स्वतःची चूक दिसू नये म्हणून माझा जीव धोक्यात घातला, असाच मी त्याचा अर्थ लावला होता. एकदा माझ्या डोक्यात इतकी तिडीक गेली की मी बाळाला म्हटलं, "सांग आजीला, डॉक्टर म्हणाले, खोटं चाललं असतं तर तुझी आई गेली असती." त्यांचा लंगोट घडी करणारा हात थांबला. मग त्यांनी पुढचा लंगोट उचलला.

टाके काढायच्या दिवशी त्या बाहेर गेल्या नाहीत. सिस्टर ट्रे घेऊन आली तरी खाटेच्या पायथ्याशी उभ्याच राहिल्या. काळे दोरे एकेक करून निघाले. सिस्टरनं जखम बघितली, छान भरलीय म्हणाली, महिना-दीड महिना वजन उचलू नकोस, दुसऱ्या मुलाची घाई करू नकोस आणि पुढचं बाळंतपणही दवाखान्यातच, घरी अजिबात नाही, कारण शिवलेली पिशवी कळांमध्ये उसवू शकते. एवढं सांगून ती गेली. मी पातळ सारखं करायला लागले.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. मला म्हणाल्या, बाळाला नाही. "पाहू दे मले."

मी थांबले. त्या जवळ आल्या, वाकल्या. बेंबीखालून सरळ खाली गेलेली ती रेघ त्यांनी कितीतरी वेळ बघितली.

"माही लहान बहीन होती," म्हणाल्या. ही बहीण होती हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं, हे मला नंतर कळलं. "पयलीच खेप. लेकरू आडवं होतं. दोन रोज कळा देऊन राह्यली. हात बाहेर आला लेकराचा, बाकी काई येईना. सुईन म्हने, आता मायाच्यानं होत नाई. बंडीले बैल जुपले, तालुक्याले नेलं. तिथं डाक्टर नोता. कापनारं कोनी नोतं. परत आनता आनता बंडीतच गेली, माया मांडीवर."

मी पाय आखडून त्यांना खाटेवर जागा केली. 

"तू ज्या दिवशी आली ना इथं, त्या दिवशी सकाळी कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाईले टेबलावरून वापस आनलं. चाय पेली म्हनून. आज नाई होत म्हने ऑपरेशन, उद्या. मी पाह्यलं होतं, पन दूध पाजतानी ध्यानातच आलं नाई." त्या खाटेच्या कडेवर बसल्या. "थ्या डाक्टरनं इचारलं, तवा मले तेच दिसलं. खाल्लं म्हनून सांगतलं तर हिलेबी वापस पाठवतीन. अन् उद्यापर्यंत कुठचं लेकरू अन् कुठची तू? मी म्हनलं, खोटं तर खोटं. पन हिले कापलं पायजे. आज कापलं पायजे."

मी त्यांना सांगितलं, की कोपऱ्यातल्या बाईचं ऑपरेशन आधीच ठरवलेलं होतं, ते एक दिवस थांबू शकत होतं. माझं थांबणारं नव्हतं, मला त्यांनी परत पाठवलंच नसतं. पोटात काही असलं की फक्त भूल द्यायची तऱ्हा बदलतात. त्या ऐकत होत्या.

"हे मले कोन सांगनार होतं?" म्हणाल्या. चिडून नाही, खरंच विचारत होत्या.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. त्यांनी उजव्या हाताची बोटं ताणून, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, जखमेवर अधांतरी धरली, जरासुद्धा स्पर्श न करता. वीतभरही नव्हती ती. त्यांचा हात तिच्या दोन्ही बाजूंना उरला.

"इतकंसंच?" त्या म्हणाल्या. "इतकंसंच कापाचं असते का वं?"

मी म्हटलं, "हो आई. एवढंच."